नाव न सांगता राबलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार

आपल्या क्लबचं पूरमदतीचं काम यंदा वेळेत झालं त्याचं श्रेय आम्हा पदाधिकाऱ्यांचं नाही, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी मीटिंगला मागच्या खुर्चीवर बसलेले ते काका. आम्ही ब्लँकेट, कपडे असली यादी करत होतो तर ते उठले आणि म्हणाले, 2019 च्या पुरात जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते ओ, आधी चिखली-आंबेवाडी या पुराच्या गावांत जाऊन बायकांना विचारा काय लागतंय ते. गेलो. उत्तर मिळालं सॅनिटरी पॅड, टॉर्च, बीपी-शुगरच्या गोळ्या, कागदपत्रं ठेवायला प्लास्टिक पिशवी आणि जनावरांना वैरण. वैरण तर आमच्या डोक्यातच नव्हती, आणि म्हशी सोडून माणसं घर सोडत नाहीत हे आपल्याला कळायला पाहिजे होतं.

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, पण आम्ही 39 ची वाट न बघताच सामान हलवलं, ते जमलं फक्त त्या टेंपोवाल्या भावामुळं, रात्री दोन खेपा केल्या आणि डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

किट भरणारी कॉलेजची पोरं, भाकरी-पिठलं पाठवणाऱ्या वहिनी, पाकिटावर नाव न घालता पैसे ठेवून गेलेल्या त्या आजी, तुम्हा सगळ्यांचे लई लई आभार. पुढच्या वर्षीची मीटिंग एप्रिलमध्येच घेणार आहे, काका तुम्ही पुढच्या खुर्चीवर बसायचं.