तात्या मिस्त्रींना जाहीर थँक्यू (लाकडी होडी घ्यायला निघालेल्यांनीही वाचा)

तात्या, नमस्कार.

तुमच्याकडे बटणाचा फोन, म्हणून हे तुमच्या नातवाला पाठवतोय, तो वाचून दाखवेल. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहू, कारण दाभोळ खाडीत अजूनही एक शिडाची लाकडी होडी चालते म्हटल्यावर पुण्या-मुंबईची पोरं मला फोन करून विचारतात की आम्हालाही घ्यायचीय, कितीला मिळेल. किती खर्च येतो, त्यासाठी कोण लागतं, हे कोणी विचारत नाही.

होडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने स्वतःला फायबरची होडी आणि मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन घेतलं होतं, त्याचं बरोबरच होतं, त्याला मासे मारून घर चालवायचंय. फायबर धुतली की झालं. लाकडाला दरवर्षी पावसाळ्याआधी वर ओढा, शेवाळं आणि कालवं खरवडा, सुकवा, झावळ्यांनी शाकारा, पाऊस सरला की परत फटी बघा, तेल लावा, खालून तांबं मिसळलेला रंग मारा. रंग चुकवला तर टेरेडो आहेच. त्याला किडा म्हणतात पण तो शिंपल्याच्याच नात्यातला, आत शिरताना टाचणीच्या टोकाएवढं भोक करतो आणि आत गेला की मोठा होत लाकूड पोखरत राहतो, बाहेरून फळी ठणठणीत दिसते. एका विमा कंपनीने तर लाकडी म्हटल्यावर माझा फॉर्म वाचलाही नाही.

तुम्ही पहिल्यांदा बघायला आलात तो दिवस सांगतो. मला वाटलं होतं तुम्ही तळ बघाल, पाण्याखालचा भाग. तुम्ही थेट मागे सुकाणूपाशी गेलात, फळकुटं उचललीत आणि वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, दांड्याने फळ्या वाजवत सुटलात. टण, टण, टण, मग एकदम भद्द. तिथे पटाशी टेकवलीत आणि ती शिजलेल्या सुरणात सुरी जावी तशी गेली. मी म्हटलं खाऱ्या पाण्याने कुजलं ना? तर तुम्ही म्हणालात, दर्याचं पाणी होडीला नाही मारत, पावसाचं मारतं. नंतर वाचलं तर खरंच तसं आहे, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही, वरून गळून कोपऱ्यात साचलेलं गोडं पाणी मात्र तिला मस्त चालतं. म्हणून तुम्ही त्या कोपऱ्यात हवा खेळायला जागा ठेवलीत आणि वरची फट आधी बंद केलीत, फळी नंतर बदललीत. दुसरा कोणी असता तर नुसती फळी बदलून पैसे घेऊन गेला असता.

फळीसाठी तुम्ही साग नको म्हणालात, परवडणारही नव्हता. काकींच्या वाडीतला वठलेला फणस तुम्ही आधीच हेरून ठेवला होता, पण हात लावण्याआधी त्यांच्या पडवीत बसून तासभर गप्पा मारल्यात, पैसे ठरवलेत, त्या मनापासून हो म्हणाल्यावरच करवत काढलीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल हेच लिहिलंय, आंबे-फणस रयतेचे, ते जोरजबरदस्तीने तोडायचे नाहीत, एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. तुम्ही ते वाचलंय का माहीत नाही, विचारायचं राहिलंच. त्याच झाडाची एक वाकडी फांदी तुम्ही बाजूला काढून ठेवलीत, तिच्यातून आतली फासळी निघाली, लाकडाची रेषाच वळणावर वळलेली, त्यामुळे सरळ लाकूड कापून केलेल्या फासळीसारखी आडवी चिरायची भीती नाही.

मग कापूस. मांडीवर वळून वात करायची, फटीत बोथट पटाशीने ठोकायची. मी जोरात ठोकायला लागलो तर तुम्ही हात धरलात, म्हणालात आता फट गच्च भरलीस तर पाण्यात गेल्यावर फळी फुगून जाणार कुठे, खिळे उपटेल. हे सगळं तुमच्या हातात आहे, यूट्यूबवर बघून अर्धंही येत नाही, मी प्रयत्न करून बसलोय.

अमावस्येच्या उधाणाला होडी पाण्यात घातली आणि ती गळायलाच लागली तेव्हा माझा चेहरा बघून तुम्ही हसलात, दोन भरत्या जाऊ दे म्हणालात. फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. ती रात्र मी बादली घेऊन काढली ते वेगळं.

आता एवढं करून मिळतं काय, हे लोक विचारतात. सकाळी जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडावं, दुपारी दर्यावरून खारा वारा सुटला की त्याच्यावर घरी यावं, मधे इंजिनाचा आवाज नाही, फळीला पाणी लागतंय तो आवाज बसल्या जागी पाठीतून ऐकू येतो. फायबरमध्ये तो पोकळ येतो, मला नाही आवडत. अर्थात वारा पडला की वल्ही मारा, आणि बाजू बदलताना परभाण, म्हणजे शीड बांधलेला तिरका दांडा, डोलकाठीच्या पलीकडे न्यायला दोन माणसं लागतात, एकट्याचा तो खेळच नाही. पण तुटेल ते इथेच, गावातल्या लाकडाने दुरुस्त होतं, फळी फळी करत. मुंबईच्या गोदीत सागाचं बांधलेलं ट्रिंकोमाली 1817 साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. फायबरशी माझं भांडण नाही. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले, तिचाही गाभा लाकडाचा आणि वर फायबर.

फोन करणाऱ्यांना मी एकच सांगतो, आधी मिस्त्री बघा, मग होडी. मिस्त्री नसेल तर ती होडी नाही, अंगणातलं सरपण. आणि मिस्त्री भेटला तर त्याच्याशी घासाघीस करू नका, त्याच्याकडून काम घेणारी माणसं कमी झालीत म्हणूनच त्याची पोरं दुसरीकडे नोकरीला गेलीत.

तुमचा नातू सुट्टीत वाकस हातात घेतो, बघितलंय मी, हात चांगला आहे त्याचा. त्याला शिकवायला माझी होडी घ्या, त्याने फळी बिघडवली तरी चालेल, लाकडाचे पैसे माझे.

डोलकाठीच्या बुंध्याला चीर दिसतेय. नारळी पौर्णिमा झाली की काढूया काम. गुडघा दुखत असेल तर चालत येऊ नका, नातवाला मिस कॉल द्यायला सांगा, गाडी पाठवतो. आणि मागच्या वेळचे राहिलेले पैसे या वेळी तरी घ्या.

तुमचा,
खालच्या आळीतला होडीवाला