दोन बेल उशिरा देणाऱ्या गार्डसाहेबांना

गार्डसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, आणि तारीख-वेळ मी मुद्दाम लिहीत नाही. उगाच कुणी वही उघडून शोधायला बसलं आणि तुम्हालाच खुलासा द्यावा लागला तर काय घ्या! २०२२ पासून तुमच्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, हेही ठाऊक आहे. पण आमच्या तोंडात गार्डच बसलंय, राग मानू नका.

ओळख पटावी म्हणून एवढंच सांगते. उरणहून नेरूळला जाणारी सकाळची गाडी. पाऊस नुकताच उघडला होता. फलाटावरून काठी टेकत माझे बाबा चालले होते, आणि त्यांच्यापुढे चार पावलं मी. एका खांद्यावर फायलींची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, तोंडाने 'चला, चला'.

बाबांना महिनाभर परळला किरणं द्यायची होती. शनिवार-रविवार सोडला तर रोज. हे दुखणं पाच वर्षं आधी आलं असतं तर आम्ही काय केलं असतं, हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो. मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँचने जायचं, तर ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागायची पंचाईत. रस्त्याने जायचं, तर करळ फाट्याला ट्रेलरच्या रांगेत किती वेळ जाईल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

आता नेरूळला गाडी बदलली की परळजवळचं शिवडी. बसायला जागा मिळते, डोक्यावर पंखा असतो. बाबा खिडकीशी बसून खाडी बघतात. तपासण्या चालू होत्या तेव्हा एकदा बसने गेलो होतो. बाबांचा एक पाय पायरीवर, दुसरा रस्त्यावर, आणि कंडक्टरने डबल बेल दिली. वर आम्हालाच ऐकवलं, "म्हाताऱ्या माणसांना गर्दीच्या वेळी कशाला बाहेर काढता?" कोणती बस, कुणाची, ते जाऊ द्या. बाबा त्या दिवशी घरी येईपर्यंत बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "उद्यापासून मी येणार नाही."

आमच्या बाबांचा स्वभाव असा आहे की कुणी त्यांच्यासाठी खोळंबलेलं त्यांना चालत नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या, शेतकऱ्यांच्या जमिनींसाठीच्या आंदोलनात ते जासईला होते. ज्या गोळीबारात पाच जण गेले, त्या गर्दीतून ते परत आले. जमिनी गेल्या, १९८९ला न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, आमच्या डोळ्यांदेखत कंटेनर रेल्वेने जायला लागले. माणसांची गाडी मात्र 'पुढच्या वर्षी' यायची होती. २०१८च्या नोव्हेंबरात ती खारकोपरपर्यंत आली. तिथून उरण जेमतेम पंधरा किलोमीटर, तेवढं यायला तिला आणखी पाच वर्षं लागली. १२ जानेवारी २०२४ला एकदाची आली, तेव्हा हारतुरे घेऊन हजर झालेल्यांत कोण कोण होतं ते बाबांनी मोजलं आणि हसून म्हणाले, "इतकी लोकं रूळ टाकाय का नाय आली गो?"

तर त्या सकाळी आम्हाला उशीर झाला होता. तेव्हा फेऱ्या कमी होत्या, एक गाडी चुकली की तासभर बसा आणि परळचा नंबर हुकवा. सिग्नल झालेला. बाबा मधेच थांबले, धाप लागली होती. मला म्हणाले, "जाऊदे ती गाडी." मी वळून तुमच्याकडे पाहिलं. हात करायची हिंमत झाली नाही.

तुम्ही दारात उभे होता. आम्हाला पाहिलंत, आणि नंतर पाहिलंच नाहीत. हिरवा झेंडा काठीवरून सोडवलात, झटकलात, पुन्हा गुंडाळायला घेतलात. सावकाश, एकेक वेढा. एक वेढा वाकडा गेला म्हणून तो उलगडून परत घातलात! मान खाली, जणू त्या वेळी झेंड्याहून महत्त्वाचं काम रेल्वेत दुसरं नव्हतंच. बाबा डब्याशी पोचले, दांडा धरला, चढले. मी चढले. मग तुमच्या दोन बेल ऐकू आल्या.

किती वेळ गेला असेल? वीस-पंचवीस सेकंद. गाडी नेरूळला वेळेत पोचली, हे मी घड्याळात बघून ठेवलंय, कुणी विचारलंच तर.

थांबणारे आणखीही कुणी भेटले असते. 'या बाबा, या, सांभाळून' असं मोठ्याने म्हणत हात देणारेही भले लोक असतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण तसं झालं असतं तर सगळ्या डब्याने वळून बघितलं असतं आणि बाबा दुसऱ्या दिवसापासून आले नसते. तुम्ही थांबलात, पण थांबल्याचं त्यांना कळू दिलं नाहीत. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत असतील असं वाटत नाही. कदाचित तुमच्याही घरी असं एखादं ताठ मानेचं म्हातारं माणूस असेल.

गाडीत मी म्हटलं, "बाबा, गार्ड आपल्यासाठी थांबला."
"थांबला नव्हता गो," ते म्हणाले, "झेंडा गुंडालीत होता."

किरणं पुरी झाली. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलंय. मधल्या काळात फेऱ्याही वाढल्या, तरघर आणि गव्हाणला गाडी थांबायला लागली, आता तासभर बसावं लागत नाही. बाबा कधीमधी संध्याकाळी फिरत स्टेशनवर जातात आणि शेवटचा डबा लागतो तिथल्या बाकावर बसतात. मी कारण विचारत नाही. परवा मात्र जाताना कागदात गुंडाळलेले करंजा बंदरावरचे सुके बोंबील पिशवीत घालून नेले, आणि तसेच परत आणले. तुमची पाळी नसावी.

भेटलात तर घ्या. केबिनला वास येईल, पण नाही म्हणू नका.

तुमची,
उरणची एक प्रवासी