मुंबईचे आयलंडिंग कागदावर नको

महोदय,

मुंबईच्या विजेचा विषय निघाला की चर्चा नव्या वाहिन्यांपाशीच थांबते. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी झाली, ते उत्तमच. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्या एकेक करून गेल्यावर शहर ठप्प झाले, ते आयलंडिंग फसल्यामुळे. बाहेरचा पुरवठा तुटला की मुंबईने स्वतःला ग्रिडपासून वेगळे करून आपल्या वीजनिर्मिती संचांवर तग धरायचा, ही आयलंडिंगची योजना चार दशके जुनी आहे.

हिशेब सोपा आहे. मुंबईसाठीच्या वीजकेंद्रांची क्षमता अशी : ट्रॉम्बे ९३० मेगावॉट, खोपोली-भिवपुरी-भिरा मिळून ४४७, डहाणू ५००. सगळे पूर्ण क्षमतेने चालले तरी १,९०० च्या आत. त्या दिवशी मागणी २,६०० च्या आसपास होती. उन्हाळ्यात ती ४,००० च्या वर जाते. शिवाय बाहेरची वीज स्वस्त पडते, तेव्हा शहराचे संच कमी भारावर चालतात. संचांना न पेलणारा उरलेला भार, म्हणजे विजेची मागणी, रिलेंनी (बिघाड ओळखून आपोआप वीज तोडणाऱ्या उपकरणांनी) क्षणार्धात कापायचा असतो. ज्या फीडरवर (एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीवर) ४० मेगावॉट धरलेले असतात, त्यावर त्या वेळी २० च असतील, तर रिले चोख चालूनही निम्माच भार कमी होतो. मागणी निर्मितीपेक्षा जास्त राहिली की विजेची वारंवारिता एरवीच्या ५० हर्ट्झवरून घसरते. ती ४७.५ हर्ट्झच्या खाली गेली की टर्बाइनची पाती वाचवण्यासाठी संच स्वतःच ट्रिप होतात, म्हणजे बंद पडतात. मग खेळ खलास! म्हणून फीडरची यादी ऋतूनुसार आणि दिवसरात्रीच्या भारानुसार बदलायला हवी.

त्यानंतर उरतो ब्लॅक स्टार्ट, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय बंद यंत्रणा पुन्हा उभी करणे. डिझेल जनित्रावर जलविद्युत संच काही मिनिटांत उभा राहतो. त्याची वीज औष्णिक केंद्राचे पंप आणि पंखे चालवायला पाठवायची. मोकळी लांब वाहिनी चार्ज केली की दुसऱ्या टोकाला व्होल्टेज चढते, म्हणून भार थोडाथोडा जोडत जावे लागते. या सगळ्याची भिस्त उपकेंद्रातल्या २२० व्होल्टच्या बॅटरीवर असते. एकापुढे एक जोडलेले सुमारे ११० सेल. त्यातला एक आतून तुटला तरी ब्रेकर (वाहिनी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) हलत नाही. चार्जर सुरू असेपर्यंत मीटरवर मात्र सगळे ठीकठाक दिसते! डिस्चार्ज चाचणीशिवाय (बॅटरीवर प्रत्यक्ष भार टाकून पाहिल्याशिवाय) हा दोष सहसा सापडत नाही, आणि घाईत वगळली जाते तीच चाचणी.

ब्लॅक स्टार्टचे सराव होतातही, पण बहुधा एखाद्या संचापुरते. पारेषण कंपनी आणि राज्य भारप्रेषण केंद्राने प्रत्येक सरावानंतर आणि प्रत्येक मोठ्या ट्रिपिंगनंतर दोनच आकडे जाहीर करावेत : किती भार कापला जायला हवा होता आणि प्रत्यक्षात किती कापला गेला.

– एक पारेषण अभियंता, ठाणे