करड्या अक्षरातली मेंबरशिप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन खरेदी करताना नको असलेल्या मेंबरशिप गळ्यात पडतात, अशी तक्रार करणाऱ्यांना आपल्या पत्रसदरात एका वाचकांनी नुकतंच चांगलं फैलावर घेतलं. वाचायचा कंटाळा करायचा, दिसेल ते बटण दाबायचं आणि पैसे कटले की गळा काढायचा, असा त्यांचा एकूण रोख. त्यांचं पत्र मी दोनदा वाचलं. वाचणं हा माझा धंदाच होता.

मी मुद्रितशोधक. खिळे जुळवायचे दिवस होते तेव्हा छापखान्यात लागले, आणि पानं कॉम्प्युटरवर लागायला लागल्यावरही बरीच वर्षं तिथेच होते. त्यामुळे कुठलाही कागद किंवा पडदा समोर आला की मजकुराच्या आधी मला मांडणी दिसते. काय ठळक केलंय, काय बारीक ठेवलंय, कुठे मोकळी जागा सोडलीय आणि कुठे दाटी केलीय. आमच्याकडे हँडबिलं छापून घ्यायला गिऱ्हाइकं येत. सवलतीचा आकडा पानभर हवा असे. मग जरा जवळ सरकून हळूच म्हणत, ‘ते अटींचं तेवढं बारीकात टाका.’ सहा पॉइंटाचा टाइप दाखवला की ‘याहून बारीक नाही का?’ असा प्रश्न ठरलेला. तेव्हा पानावर एखादी ओळ दिसत नाही ती का दिसत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

आता माझ्या नणंदेची गोष्ट सांगते. ती निष्काळजी बाई नव्हे. दूध, वीज, औषधं, सगळं तारीखवार वहीत लिहिणारी. तिनं एका अॅपवरून गुडघ्याला बांधायचा पट्टा मागवला. पट्टा आला, चांगला निघाला. पुढे खात्यातून दरमहा एक रक्कम जायला लागली. ‘वहिनी, हे कसले पैसे जातायत हो? मी तर काहीच घेतलं नाही,’ म्हणत ती फोन घेऊन माझ्याकडे आली.

आम्ही दोघींनी तीच खरेदी पुन्हा शेवटच्या बटणापर्यंत करून पाहिली, आणि मी त्या पानाकडे प्रूफ वाचावं तशी बघत बसले. पत्ता भरून झाला की एक पान मध्येच येतं. वर मोठ्या अक्षरात ‘तुमची डिलिव्हरी फ्री!’ खाली या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवं बटण, ‘फ्री डिलिव्हरीसह पुढे जा’. बटणावर मेंबरशिपचा उल्लेख नाही, पैशांचाही नाही. त्याच्या खाली, चौकट नाही, रंग नाही, पांढऱ्यावर करड्या अक्षरात एक ओळ: ‘नको, मी डिलिव्हरीचे जादा पैसे भरेन’. ती दाबता येते हेच मुळात कळत नाही. छापील पानावर छायाचित्रकाराचं नाव असतं तसल्या अक्षरात ती आहे. आणि दरमहा किती कापले जातील, आपोआप नूतनीकरण होईल, हे वाक्य त्याच्याही खाली. पान वर सरकवल्याशिवाय ते दिसत नाही, कारण ‘ऑर्डर द्या’ ही तरंगती पट्टी नेमकी त्याच्यावर येऊन बसते.

खरी मेख पुढे आहे. हिरवं बटण दाबलं की बिलातून डिलिव्हरीचे पैसे जातात आणि त्यांच्या जागी मेंबरशिपचा पहिल्या महिन्याचा सवलतीचा दर येतो. दोन्ही रकमा जवळपास सारख्या. म्हणजे नणंदेनं मनाशी धरलेली बेरीज आणि पडद्यावरची बेरीज जुळली. हिशेब जुळला की हिशेबी माणूस निर्धास्त होतो. मग तिला ओटीपी आला, तो तिनं पट्ट्यासाठी म्हणून टाकला.

हा ओटीपी जरा नीट समजून घेण्यासारखा आहे. कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर त्याची नोंदणी करताना ग्राहकाची पडताळणी व्हायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण नोंदणी आणि पहिला व्यवहार एकाच वेळी होत असतील तर दोन्हींना मिळून एकच पडताळणी चालते. नियम करणाऱ्यांचा हेतू सोयीचा असणार, त्याबद्दल शंका नाही. पण बिलात वस्तूबरोबर मेंबरशिप मिसळलेली असेल, तर तोच एक ओटीपी पुढच्या सगळ्या महिन्यांचा होकार होऊन बसतो. त्यानंतर ठरावीक मर्यादेखालच्या रकमांना ओटीपी विचारला जात नाही. ही मर्यादा आधी ५ हजारांची होती, २०२२ मध्ये ती १५ हजारांवर नेली. असल्या मेंबरशिपचा महिन्याचा आकडा तिच्या जवळपासही जात नाही.

पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवायचं, हाही नियम आहे आणि तो चांगला आहे. नणंदेच्या फोनवर तसे मेसेज आलेले होते, मी स्वतः पाहिले. त्यात अॅपचं नाव नव्हतं, कुठल्यातरी भलत्याच कंपनीचं लांबलचक नाव होतं. आणि वर-खाली कर्ज घ्या, केवायसी करा, ऑफर संपतेय, असल्या मेसेजांचा ढीग. पत्रलेखक महाशय तो ढीग रोज उपसून वाचत असतील तर त्यांना माझा नमस्कार.

रद्द करायला बसलो तो प्रकार आणखी निराळा. आत शिरताना एक बटण पुरलं होतं. बाहेर पडायला आधी खातं, मग सेटिंग, मग ‘मेंबरशिप सांभाळा’ अशा नावाचं एक दार. आत गेल्यावर आपण काय काय गमावणार याची यादी. मग कारण विचारलं. कारण दिलं तर रद्द करण्याऐवजी काही महिने थांबवा, असा ठळक सल्ला. तो ओलांडला तेव्हा शेवटची चौकट आली: ‘मेंबरशिप कॅन्सल करायची आहे का?’ आणि खाली दोन बटणं, ‘कॅन्सल’ आणि ‘कंटिन्यू’. आता सांगा, ‘कॅन्सल’ दाबलं तर मेंबरशिप कॅन्सल होणार की आमचं हे कॅन्सल करणं कॅन्सल होणार? आमच्या छापखान्यात असं वाक्य आलं असतं तर समासात प्रश्नचिन्ह टाकून मी ते परत पाठवलं असतं. इथे ते अजाणता सुटलेलं नाही. ‘कंटिन्यू’ म्हणजे रद्द, असं निघालं.

हे सगळं आमच्याच वाट्याला आलं असंही नाही. अशा फसव्या मांडणीला ‘डार्क पॅटर्न’ हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं २०१० मध्ये दिलं. म्हणजे त्या धंद्यातल्याच माणसानं. त्याच्याही आधी, २००९ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीनं एक चौकशी केली होती. लोक खरेदी संपवत, आणि पुढच्या खरेदीवर सूट देणारी एक खिडकी उघडे. ईमेल टाकून ‘हो’ म्हटलं की दुकानदार ग्राहकाचा कार्ड नंबर तिसऱ्याच कंपनीला देऊन टाकी, आणि ती कंपनी दरमहा पैसे कापत बसे. ग्राहकानं तिथे कार्ड नंबर टाकलेलाच नसायचा! पुढच्या वर्षी कायदा करून हा प्रकार बंद करावा लागला.

अगदी अलीकडचं उदाहरण अॅमेझॉनचं. प्राइम मेंबरशिपवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये खटला भरला. मेंबरशिप रद्द करायच्या प्रक्रियेला कंपनीत ‘इलियड’ म्हणत, असं त्या तक्रारीत नोंदवलं आहे. ट्रॉयच्या लांबलेल्या युद्धावरचं ते ग्रीक महाकाव्य. चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय, असा त्या वाटेचा हिशेबही तक्रारीत दिला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं चूक कबूल न करता २.५ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली, त्यातले १.५ अब्ज ग्राहकांना परत द्यायचे. शिवाय मेंबरशिप नाकारायचं बटण स्पष्ट आणि ठळक ठेवायचं, हेही कबूल करावं लागलं. माझ्या दृष्टीनं त्या सगळ्या प्रकरणातला मोलाचा भाग तो शेवटचाच. एवढा मोठा सरकारी खटला अखेर एका बटणाच्या मांडणीवर येऊन थांबला.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार नावानिशी आहेत. न विचारता बिलात वस्तू सरकवणं आहे, मेंबरशिप रद्द करणं अवघड करणं आहे, फुकट ट्रायलसाठी कार्डाचा तपशील सक्तीनं मागणं आहे, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणंही आहे. वाचून मला बरं वाटलं, मसुदा करणाऱ्यानं खरेदी करून पाहिलेली दिसते. पण पुढे जून २०२५ मध्ये कंपन्यांना काय सांगितलं, तर तीन महिन्यांत आपापल्या अॅपची तपासणी तुम्हीच करा. लेखकाला स्वतःच्याच पुस्तकाचं प्रूफ वाचायला दिल्यासारखं झालं हे. त्याला त्यात चूक दिसतच नाही. इथे तर दिसली तरी ती काढण्यात त्याचा तोटा.

मला विचाराल तर नियम बटणाचा हवा. अटींच्या पानावर काय लिहिलंय त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ते पान न वाचलं जाण्यासाठीच असतं. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्कांच्या निर्देशात हे साधलं आहे. या बटणानं पैसे द्यावे लागतील, हे त्या बटणावरच स्पष्ट लिहायचं; नाही लिहिलं तर ग्राहक त्या कराराला बांधील नाही. आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीतून जादा पैसे घेतले तर ते परत करायचे. जर्मनीनं १ जुलै २०२२ पासून रद्द करण्याच्या बटणाचाही कायदा केला. करार वेबसाइटवर होत असेल तर तो मोडण्याचं बटणही वेबसाइटवर, सहज दिसेल असं हवं. ते नसेल तर ग्राहक मुदतीची वाट न बघता केव्हाही करार मोडू शकतो. दंड कोण करणार, कधी करणार, हा प्रश्नच फारसा उरत नाही. बटण लपवणं कंपनीलाच महाग पडतं.

अमेरिकेनंही ऑक्टोबर २०२४ मध्ये तसा नियम जाहीर केला होता, जितकं सोपं घेणं तितकंच सोपं सोडणं. तो पुरता लागू व्हायच्या तोंडावर, जुलै २०२५ मध्ये, प्रक्रियेतल्या त्रुटीवरून न्यायालयानं रद्द ठरवला. तेव्हा आपण नियम करताना कागद पक्के ठेवावेत, एवढंच.

आपोआप पैसे कापण्याच्या सोयीला माझा विरोध नाही, हे सांगायला हवं. माझा विम्याचा हप्ता तसाच जातो आणि तो चुकत नाही याचं मला सुखच आहे. पण तो मी स्वतः मागून लावून घेतलाय.

ज्यांच्या खात्यातून असे पैसे जात असतील त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी, नणंदेच्या निमित्तानं कळलेल्या. फोनवरून अॅप काढून टाकलं म्हणजे मेंबरशिप रद्द होत नाही, पैसे कटतच राहतात. यूपीआयवरून कटत असतील तर त्या अॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ नावाचा भाग असतो, तिथून बंद करता येतं. कार्डावरून असेल तर बँकेच्या अॅपमध्ये किंवा साइटवर कार्डाच्या भागात शोधायचं, नाहीतर बँकेला सांगायचं. कंपनीकडेही रद्द करून त्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. नणंदेला शेवटच्या महिन्याचे पैसे परत मिळाले. त्याआधीचे मिळाले नाहीत, कारण ‘तुम्ही सेवा स्वीकारली होती’. काय स्वीकारलं होतं ते विचारलं, तर अटींच्या पानाची लिंक आली.

जाता जाता एक. आपल्या ई-पेपरची वर्गणी माझ्या भाच्यानं मला भेट म्हणून भरली आहे. तिचं पुढच्या वर्षी आपोआप नूतनीकरण होतं की नाही, आणि होत असेल तर थांबवायचं बटण कुठे आहे, हे मी आपल्या साइटवर चष्मा लावून शोधलं. होतं, हे सापडलं. बटण सापडलं नाही. कुठे आहे ते याच सदरात छापावं, म्हणजे बाकीच्या वाचकांचीही सोय होईल. टाइप शक्यतो बारा पॉइंटाचा असावा.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक