दिवसभर नुसतं बोलणारा रेडिओ

संपादक साहेब,
बीबीसी रेडिओ फोर ऐकला की खरंच हेवा वाटतो, गाणी जवळपास नाहीतच, दिवसभर नुसतं बोलणं. सकाळी 'टुडे'मध्ये मंत्र्यांना थेट प्रश्न, मग 1946 पासून चालू असलेला 'वुमन्स अवर', संध्याकाळी 'द आर्चर्स', ही 1951 पासूनची खेड्यातली मालिका, मुळात शेतकऱ्यांपर्यंत शेतीची माहिती पोचावी म्हणून काढलेली. आणि ते शिपिंग फोरकास्ट, म्हणजे जहाजांसाठीचा हवामानाचा अंदाज! डॉगर, फिशर, जर्मन बाइट अशी 31 सागरी क्षेत्रं, वारा कुठला, किती जोराचा, लांबचं दिसतंय का, सगळं शांतपणे वाचतात. आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, ती द्या की आता, आणि आकाशवाणीच्या श्रुतिकांना चांगली वेळ पण द्या.
– एक श्रोता, रत्नागिरी