हाली रुपयाचा रंग

परभणी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आजीच्या हाली रुपयांचे, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या चांदीच्या नाण्यांचे, फोटो मिळाले. नाण्यावरच्या चारमिनारच्या दारातला 'ऐन', ते उर्दू अक्षर, स्पष्ट दिसतोय, म्हणजे रुपये शेवटच्या निजामाचे, उस्मान अली खानाचे, १९११ नंतरचे. पण तू सांगितलेली सोनेरी-जांभळी झाक कुठंच नाही, सगळं राखाडी. त्यात तू सराफाकडून ते उजळून घ्यायचं म्हणतोस! तेवढं करू नकोस. चिंच नको, राख नको, रांगोळी तर नकोच.

ती झाक म्हणजे मळ नाही रे. हवेतल्या गंधकामुळं चांदीवर सल्फाइडचा अतिशय पातळ थर धरतो. थराच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि रंग उमटतो, पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर उमटतो तसा. आधी पिवळसर सोनेरी, थर वाढला की तांबूस-जांभळा, मग निळा. घासलं की हा थर जातो, आणि टाकसाळीतून आलेली मूळ झळाळीही जाते. ती पुन्हा येत नाही.

फोटोत रंग आला नाही, कारण तुझा लॅम्प बाजूला होता. बाजूचा उजेड नाण्यावरून पलीकडं निघून जातो. अक्षरांच्या कडा उठतात, रंग मात्र लेन्सपर्यंत येत नाही. उजेड लेन्सच्याच दिशेनं खाली उतरून तसाच वर परतायला हवा. कॅमेरा स्टँडवर सरळ खाली तोंड करून लाव. नाणं आणि लेन्स यांच्यामध्ये फोटोफ्रेमची साधी काच ४५ अंशांत तिरकी बसव आणि दिवा बाजूनं काचेवर सोड. काच थोडा उजेड नाण्यावर टाकते, आणि तो परतताना तिच्यातूनच वर जातो. दिव्याचा थेट झोत नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा उभा कर. दिव्याच्या समोरच्या बाजूला काळं कापड टांग, नाहीतर भिंतच फोटोत उतरते. यात उठाव थोडा दबतो, पण रंगासाठी मला तो सौदा मान्य आहे.

कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी सोय, बंद ठेव, सोनेरी छटा तोच खाऊन टाकतो. व्हाइट बॅलन्स ग्रे कार्डवर, म्हणजे रंग जुळवायच्या राखाडी पुठ्ठ्यावर, बेतून घे, खोलीतली ट्यूब विझव, एक्स्पोजर जरा कमी ठेव. नंतर संगणकावर रंग चढवू नकोस. नाण्यावर आहे तेवढाच दिसू दे.

आणि हो, ती पीव्हीसीची मऊ पाकिटं आजच काढून टाक, त्यांनी नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. नवे फोटो काढलेस की रॉ फाइलच, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नको.

काकूंना नमस्कार.

तुझाच