दारू कधी थांबवायची : मिनियापोलिसहून आई-बाबांना पत्र

मिनियापोलिस

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "इतकं शिकून तिकडे दारूच विकतेस का?" मागे बँडची ध्वनिचाचणी चालली होती, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. शिवाय दोन वाक्यांत उरकावा असा हा प्रश्नही नाही. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी जिथे काम करते तिथे रॉक कॉन्सर्ट होतात आणि एका रात्रीत पंधरा-वीस हजार माणसं जमतात. बिअरचे ग्लास भरणारे लोक वेगळे असतात. कोणाला द्यायची नाही, विक्री कधी बंद करायची आणि ज्याला नकार दिला तो सुखरूप घरी कसा जाईल, हे माझ्याकडे असतं. तुम्हाला हे काम दारू विकण्याचं वाटतं, पण माझा सगळा वेळ ती रोखण्यात जातो.

वयाचं सोपं आहे. अमेरिकेत 21 वर्षांखालच्यांना दारू विकता येत नाही. दारूचे कायदे खरं तर राज्यांच्या हातात आहेत आणि 1970 च्या दशकात बऱ्याच राज्यांनी वयाची अट खाली आणली होती. मग पोरं कमी वयाच्या राज्यात जाऊन प्यायची आणि रात्री गाडी चालवत परत यायची. रस्त्यांवर तरुण मुलं मरायला लागली, तेव्हा 1984 मध्ये केंद्राने कायदा केला : जे राज्य वय 21 ठेवणार नाही, त्याच्या महामार्गाच्या निधीला कात्री. हळूहळू सगळी राज्यं वळणावर आली. आमच्याकडे ओळखपत्र बघून मनगटावर पट्टा बांधतात. ज्याच्या मनगटावर पट्टा नाही, त्याला बिअर नाही.

आपल्या धाकट्या मंदारला यातली एक गोष्ट आवडेल. 1980 च्या सुमारास वॉशिंग्टनचा टीन आयडल्स हा बँड सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये वाजवायला गेला. बँडमधली मुलंच इतकी लहान होती की त्यांना आत घ्यायचं की नाही, असा प्रश्न पडला. शेवटी त्यांच्या हातांवर काळ्या शाईने मोठी फुली काढली, म्हणजे बारवाला त्यांना दारू देणार नाही. घरी परतल्यावर त्यांनी आपल्या शहरातल्या क्लबांना तेच सुचवलं : आम्हाला फुली मारा, पण गाणं ऐकू द्या. पुढे न पिणाऱ्या तरुणांनी ती फुली आपण होऊन हातावर मिरवली. मला हे फार मोलाचं वाटतं. नियम केला की मुलं बाहेर राहतात असंच सगळे धरून चालतात, इथे नियमाने मुलांना आत घेतलं.

खरी कसोटी वयाची नाहीच. ज्याचं वय बसतं, खिशात पैसे आहेत, पण ज्याला आधीच चढली आहे, त्याला नकार देणं कठीण. उघड उघड झिंगलेल्या माणसाला दारू विकणं आमच्या मिनेसोटा राज्यात कायद्याने गुन्हा आहे. तरी प्रत्यक्षात काय होतं बघा. इथल्याच मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या क्रीडा स्टेडियममध्ये माणसं पाठवली. काहींना झिंगल्याचं सोंग घ्यायला सांगितलं, काही 21 पेक्षा लहान दिसणारी होती. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आले. लहान दिसणाऱ्यांना 18 टक्के वेळा बिअर मिळाली, झिंगलेल्यांना 74 टक्के वेळा. शिवाय काउंटरपेक्षा प्रेक्षकांत फिरून विकणारे झिंगलेल्यांना जास्त सहज देत होते. ही पाहणी खेळांच्या मैदानांवरची, पण काउंटर तसेच आणि रांगाही तशाच. मी हे आकडे वाचले तेव्हा आमच्या लोकांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. ते वाईट नाहीत हो. वय कार्डावर छापलेलं असतं, नशा मात्र माणसाच्या चेहऱ्यावर वाचावी लागते. समोर कानठळ्या बसवणारा आवाज, अर्धा अंधार, मागे चाळीस जणांची रांग, आणि टिपेवर ज्याचं भाडं निघतं असा वीस-बावीस वर्षांचा मुलगा. त्याने दोन क्षणांत ठरवायचं, आणि तेही आपल्यापेक्षा दुप्पट धिप्पाड माणसाला तोंडावर सांगायचं.

म्हणून ट्रेनिंगमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ यावर घालवते. "तुम्ही प्यायलेले आहात" असं कधीही म्हणायचं नाही, त्याने हमखास भांडण होतं. "मला आत्ता तुम्हाला देता येणार नाही" एवढंच म्हणायचं आणि लगेच पाण्याचा ग्लास पुढे करायचा. अंगाला हात लावायचा नाही. बरोबर कोण आलंय ते विचारायचं, कारण पाचच मिनिटांत त्याचा मित्र त्याच्यासाठी ग्लास घ्यायला येतो आणि मग दोघांनाही थांबवावं लागतं. मला कळवायचं, मी येऊन उभी राहते. नकार माझ्या नावावर नोंदवला जातो, पोराच्या नाही. वरचा माणूस पाठीशी नसेल तर खालचा माणूस नाही म्हणत नाही, हे मी इथे अनुभवाने शिकले. आधी मी जिथे काम करायचे, तिथे व्यवस्थापक गिऱ्हाईक ओरडलं की कर्मचाऱ्याचा निर्णय फिरवायचा. आठवड्याभरात सगळे सगळ्यांना देऊ लागले.

आई, तू विचारलंस ना की त्या दारुड्यांना हाकलून का देत नाही. थंडीत इथे पारा शून्याच्या खाली वीस अंशांवर जातो. तर्र झालेल्या माणसाला कोट नसताना दाराबाहेर काढणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे. म्हणून आम्ही त्याला बसवतो, मित्र शोधतो, टॅक्सी बोलावतो, गरज पडली तर डॉक्टरला दाखवतो. गाडीची चावी कोणाकडे आहे, हे मी स्वतः विचारते.

आता वेळेबद्दल, कारण माझं बहुतेक डोकं त्यातच खर्ची पडतं. बेसबॉलमध्ये वर्षानुवर्षं नऊपैकी सातव्या डावाअखेर बिअर बंद करायची पद्धत होती, 2023 पासून काही संघांनी ती वेळ पुढे नेली; अमेरिकन फुटबॉलमध्ये चारपैकी तिसऱ्या सत्राअखेर बंद करतात. कॉन्सर्टला असं काही नसतं. छोटा बँड वाजवून जातो, मंचावर सामान बदलायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात अख्खं स्टेडियम काउंटरवर लोटतं. रांग पाहून माणूस एकाऐवजी दोन घेतो आणि मुख्य बँड सुरू व्हायच्या आत घाईने रिचवतो. रिकाम्या पोटी प्यायलेली दारू रक्तात पुरती भिनायला अर्धा-पाऊण तास, पोट भरलेलं असेल तर आणखी वेळ लागतो. म्हणजे मी ज्याला शुद्धीत बघून बिअर दिली, तो तिसऱ्या-चौथ्या गाण्याला कोलमडतो. यकृत साधारण तासाला एक पेग उतरवतं. इथल्या हिशेबात एक पेग म्हणजे 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, बिअरचा साधा कॅन. थंड पाण्याने किंवा कॉफीने तो वेग वाढत नाही. तेव्हा शेवटच्या गाण्याआधी तासभर विक्री बंद केली म्हणून कोणी शुद्धीवर येत नाही, हे खरंच आहे. पण निघता निघता घेतलेला ग्लास गाडीत बसल्यावर चढतो, स्टिअरिंग हातात असताना. बंद करायची ती या ग्लाससाठी. शेवटचं गाणं किती वाजता, हे मी दुपारीच बँडच्या मॅनेजरला विचारून ठेवते आणि घड्याळ लावून काउंटर बंद करते. गाण्यांची यादी लांबली तरी वेळ बदलत नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का करते ते सांगते. 1999 मध्ये न्यू जर्सीत फुटबॉलचा सामना बघायला आलेला एक माणूस स्टेडियममध्ये भरपूर प्यायला. एका वेळी दोनच बिअर द्यायचा नियम होता, त्याने टिप देऊन जास्त घेतल्या. नंतर त्याने गाडी चालवली आणि दुसऱ्या गाडीवर आदळला. त्या गाडीतली दोन वर्षांची मुलगी मानेखाली कायमची लुळी पडली. 2005 मध्ये ज्युरीने बिअर विकणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरून दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. अपिलात तो निकाल रद्द झाला आणि पुढे तडजोड झाली, पण विक्रीच्या धंद्यातल्या सगळ्यांना हे प्रकरण माहीत आहे. कंपन्या पैशाला घाबरल्या असतील, मला ती मुलगी आठवते. आमच्याकडचा दोन ग्लासांचा नियम लोकांना कटकट वाटतो. मी तो एकदाही मोडू देत नाही.

मंदार म्हणाला, मग पूर्ण बंदीच का नाही? मला पटत नाही. बंदी असली की लोक पार्किंगमध्येच पिऊन येतात, तेही कडक दारू, भराभर, आणि ते मोजायला कोणी नसतं. काउंटरवर निदान प्रत्येक ग्लासागणिक एक माणूस समोरच्याचा चेहरा बघतो. शिवाय पहारा देणाऱ्यांनी स्वतः शुद्धीत राहावं, ही अट त्याहून मोठी आहे. 1969 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात आल्टमाँटला रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम झाला. मंचाजवळ हेल्स एंजल्स ही मोटारसायकलवाल्यांची टोळी बसवली होती, आणि मोबदला म्हणून त्यांना बिअर दिली होती असं त्यांच्यातल्याच लोकांनी सांगितलं. त्या रात्री मंचासमोर एका अठरा वर्षांच्या मुलाला भोसकून मारलं. आमच्याकडे कामावर असताना कोणी थेंबही घेत नाही.

पाण्याबद्दल तर मी भांडतेच. 1999 च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात भर जुलैच्या उन्हात पाण्याची बाटली चार डॉलरला विकली, ती चीड लोक आजही विसरलेले नाहीत. बिअर मिळते त्या प्रत्येक काउंटरवर साधं पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि मित्रांना घरी नेणाऱ्या ड्रायव्हरला सरबतही. आमच्याकडे आता दोन्ही मिळतं.

आणि जे सोडायचा प्रयत्न करताहेत त्यांचं काय? ग्रेटफुल डेड या बँडच्या चाहत्यांनी 1980 च्या दशकातच स्वतःची वाट काढली होती. दारू आणि ड्रग्ज सोडलेले चाहते मध्यंतरात पिवळ्या फुग्यांखाली जमायचे, एकमेकांना धीर द्यायचे आणि परत गाणी ऐकायला जायचे. वार्फ रॅट्स म्हणतात त्यांना. चहूकडे बिअरचा वास असताना आपल्या आवडीचं संगीत न सोडता शुद्धीत राहणं किती अवघड असेल, आई! असा कोणी गट आला तर बारपासून लांब, पण मंच दिसेल अशी जागा त्यांना द्यायची, असं मी आमच्या नियमांत लिहून घेतलंय.

सध्या माझी एक मागणी वरच्यांकडे पडून आहे : मुख्य बँड सुरू झाला की एका वेळी एकच ग्लास. विक्री घटेल म्हणून हिशेबवाले नाखूश आहेत. मी म्हटलं, तीन कॉन्सर्ट करून बघू, दवाखान्याच्या खोलीत किती जण येतात ते मोजू आणि मग बोलू. त्यातला पहिला येत्या शनिवारी आहे, म्हणून या वेळी फोन शनिवारी न करता रविवारी रात्री करीन.

बाबा, पाय जपा. आई, तूही गोळ्या वेळेवर घे. मंदारला आशीर्वाद.

तुमची,
सुनीता